टँकरभर विरजण

“पण मीच का द्यायचं, चाचा?”

यशोधन खर्डेकर फाटकाच्या आत उभा होता. फाटक अजून उघडलेलं नव्हतं.

बाहेर एक रिकामा टँकर उभा होता. त्याच्या पायरीवरून अत्तारचाचा नुकतेच उतरले होते. यशोधनला टँकरचं काही वाटलं नव्हतं. चाचा त्या टँकरमधून उतरले, हे त्याला झोंबलं होतं.

“तुझ्याकडे आहे म्हणून,” चाचा म्हणाले.

“जिल्ह्यात आणखी केंद्रं आहेत.”

“आहेत की. दोन बंद आहेत. एकाचं उद्घाटन व्हायचंय, म्हणून ते सुरू करत नाहीत. एकाच्या टाकीत म्हशी डुंबतात. उरलेलं एक चालतं, पण ते तुझ्याही वर, लांब.”



मोरनाळ शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं हे केंद्र. शहर जे धुतं, ओततं आणि विसरून जातं, ते सगळं इथे येतं. मोठ्या टाकीत खालून हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव ती घाण खातात. खाऊन जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी धामोळी नदीत जातं. यात यंत्रं कमी आणि गुरं पाळणं जास्त. हवा बंद पडली की जीव गुदमरतात. आणि हवा बंद पडते, कारण शहरात लोड वाढला की पहिली वीज या केंद्राची जाते. घाटावरच्या रोषणाईची जात नाही.

मोरनाळच्या खाली, नदीच्या त्याच काठावर, देवसाळ. तिथलं केंद्र रेवती सुतार बघायची. परवा देवसाळच्या गटारात कुणीतरी पिंपंच्या पिंपं तेजाब ओतलं. कुणी ओतलं ते सगळ्या देवसाळला ठाऊक आहे. फक्त पोलिसांना ठाऊक नाही. टाकीतले जीव रातोरात मेले आणि शहराचा मैला जसाच्या तसा नदीत जाऊ लागला.

देवसाळच्या खाली वाड्या आहेत. त्यांना केंद्र नाही, पाण्याची टाकी नाही. बाया नदीत घागर बुडवतात आणि तेच पाणी घरात जातं. खालच्या भोईवाडीत पोरांना जुलाब सुरू झाले होते. एक मुलगी सलाईनवर होती.

मेलेली टाकी आपली आपण जिवंत व्हायला महिना घेते. दुसऱ्या जिवंत टाकीतला गाळ आणून सोडला तर आठवड्याभरात धरते. दूध तसंच ठेवलं तर नासतं, चमचाभर दही घातलं तर लागतं... तसंच हे. म्हणून चाचा त्या गाळाला विरजण म्हणायचे.

चाचांचं आडनाव अत्तार आणि सगळी नोकरी मैल्याच्या केंद्रात. गाव त्यावर हसायचं. चाचा गावाच्या आधी हसायचे. मोरनाळचं केंद्र त्यांनी उभं केलं, निवृत्त होईपर्यंत चालवलं. यशोधन आणि रेवती, दोघंही इंजिनिअर होऊन त्यांच्याकडे आले आणि त्यांच्याकडे आल्यावर शिकले.

रेवती टँकरच्या केबिनमध्येच बसून होती. तिला उतर असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने काचेतून डोकं बाहेर काढलं.

“दादा, चहा नको. फाटक उघडलंस तरी पुरे.”

“बक्षिसात विरजण नाही मिळालं का?” यशोधनने विचारलं.

“शाल मिळाली. टाकीत सोडून बघितली. धरत नाही.”

टँकरचा ड्रायव्हर हसला. यशोधन हसला नाही.

बक्षीस हिवाळ्यात मिळालं होतं. ‘स्वच्छ नदीघाट’. राज्यात पहिलं, देवसाळ. मांडव, फेटे, मंत्री, ढोल. घाटाचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. पायऱ्या धुतलेल्या, पाण्यात मासे दिसतायत. बक्षीस घाटाला मिळतं. घाण कुठे गेली, कुणी खाल्ली, याला बक्षीस नसतं. निदान आपल्याकडे तरी नाही.

त्या समारंभात चाचा पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवत होते. यशोधन मागे, माईकवाल्याच्या खुर्चीशेजारी उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचांच्या टाळ्या मात्र मोजल्यासारख्या ऐकल्या.

“शेजारी विरजण मागायला आला तर आपल्यात नाही म्हणत नाहीत,” चाचा म्हणाले.

“दिवेलागणीनंतर म्हणतात.”

“ऊन बघ की रे. आत्ता कुठे न्याहारीची वेळ झालीय.”

यशोधनने फाटक उघडलं.

टँकर आत आला. यशोधन स्वतः पाइप घेऊन गेला. हाताखालच्या माणसाला सांगितलं नाही. केंद्रात गाळाच्या दोन जागा असतात. एक तळाशी बसलेला ताजा गाळ. तो जिवंत असतो, भुकेला असतो, त्यालाच पुन्हा टाकीत सोडतात. दुसरा जादा झालेला गाळ. तो मागच्या खड्ड्यात काढून ठेवतात. वाळला की शेतकरी खत म्हणून नेतात. हवेविना पडून राहिलेला... त्यात जीव उरलेला नसतो.

यशोधनने पाइप मागच्या खड्ड्यात सोडला.

गाळ तो गाळ. काळा की तपकिरी, टँकरच्या पोटात कोण बघतो? उद्या रेवतीची टाकी धरली नाही तर म्हणता येईल, हाताला गुण लागतो बाई, सगळ्यांच्याच हाताला दही लागत नाही.

टँकर भरत आला. चाचा त्याला एक फेरी मारून आले. झाकणापाशी थांबले. वाकले नाहीत, काही नाही. नुसते थांबले.

“बरणी आण,” ते म्हणाले.

“कशाला चाचा? उशीर होतोय त्यांना.”

“बरणी आण.”

रेवती केबिनमधून उतरली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली काचेची उंच बरणी होती. काठाला एक टवका उडालेला.

यशोधनने ती बरणी लांबून ओळखली.

चाचांची बरणी. पहिल्या दिवसापासूनची. टाकीतलं पाणी बरणीत भरायचं, पायरीवर ठेवायचं आणि समोर बसायचं. गाळ चांगला असेल तर तो हळूहळू खाली बसतो आणि वरचं पाणी काचेसारखं निवळतं. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा चाचांचा नियम होता. आयुक्त आले तरी. एकदा आले होते. चाचांनी त्यांना बोटाने शेजारी बसायची खूण केली. ते बसले नाहीत, बदलीची धमकी देऊन गेले. बरणी निवळेपर्यंत चाचांनी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी ती बरणी कुणाकडे जाणार, हे यशोधनने मनात ठरवून टाकलं होतं. त्याने कपाटात जागाही केली होती. जागा अजून तशीच होती.

“ही हिच्याकडे असते होय,” तो म्हणाला.

रेवतीने टँकरची तोटी किंचित सोडून बरणी भरली आणि कार्यालयाच्या पायरीवर ठेवली. चाचा बसले. ती बसली. ड्रायव्हर लांब जाऊन विडी ओढायला लागला.

यशोधन उभाच राहिला.

...

बरणीत काळं पाणी होतं. हलत होतं. खाली जायचं नाव घेत नव्हतं.

...

वास पसरला. ताज्या गाळाला ओल्या मातीचा वास असतो. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, कुठे पाऊस पडलाय काय. या बरणीला नासक्या अंड्यांचा वास होता.

रेवतीने पदर नाकाला लावला नाही. ती बरणीकडे बघत राहिली. तिला पहिल्याच क्षणी कळलं होतं. तिने यशोधनकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते त्याला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं.

...

“तुम्ही बरणी हिला का दिलीत?”

नियम मोडला होता. चाचांनी मान वर केली नाही.

“मी इथे राहिलो, चाचा. तुमच्या केंद्रात. तुमच्या खुर्चीत बसलो. तुमची टाकी एक दिवस मरू दिली नाही. वीज गेली तर पदरचं डिझेल घातलं जनरेटरमध्ये. आणि तुम्ही गुरुवारी गुरुवारी एसटी धरून हिच्याकडे जाता. माझ्या फाटकावरून जाते ती एसटी.”

“तिच्याकडे भाकरी चांगली असते,” चाचा म्हणाले.

“चेष्टा करू नका.”

“मी मागितली,” रेवती म्हणाली. “बरणी. निवृत्तीच्या दिवशी मी म्हटलं, चाचा, ही मला द्या. तू मागितली असतीस तर तुला दिली असती त्यांनी.”

“मागायला लागते का?”

“मग काय, जाळ्यात आपोआप मासा येतो?”

यशोधनला मासा या शब्दानेच आणखी चढलं.

“मासा. हां. तुझ्या घाटावर मासे दिसले म्हणून बक्षीस मिळालं ना? ते मासे कुणाच्या पाण्यातले? माझं केंद्र नसतं तर मोरनाळचा सगळा मैला तुझ्या पायऱ्यांवर येऊन आपटला असता. तुझ्या केंद्राचं पाणी घाटाच्या खाली पडतं. घाटाच्या वर जे पाणी येतं ते माझं. मी निवळलेलं. मी राबायचं, आणि नदी नटून हिच्या दारात जायची. फोटो हिचा. शाल हिला. आणि टाळ्या वाजवायला कोण? तर तुम्ही.”

“खरं आहे,” रेवती म्हणाली.

“काय खरं आहे?”

“घाटावरचं पाणी तुझंच आहे. मला काय कळत नाही होय ते?”

“मग व्यासपीठावर सांगितलंस का?”

“सांगणार होते. माईक मंत्र्यांकडे गेला तो परत आला नाही.”

हे खोटं नव्हतं. त्या दिवशी मंत्री नदीवर इतका वेळ बोलले की नदी तेवढ्यात दोन गावं पुढे गेली असेल. केंद्र हा शब्द त्यांनी उच्चारला, पण दिल्लीतल्या केंद्राबद्दल.

“नंतर सांगायचं होतंस. पेपरवाल्यांना. कुणालाही.”

“सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या केंद्राचा फोटो आहे का? मी म्हटलं, आहे. बघितला आणि म्हणाले, बाई, हे वाचक सकाळी चहा पिताना बघतात.”

यशोधनचा राग गेला नव्हता. फक्त त्याला उभं राहायला जागा कमी पडायला लागली होती.

बरणी अजून काळीच होती.

चाचांनी गुडघ्यावर हात ठेवला.

“पाणी दे रे जरा. उन्हाने घसा सुकला.”

यशोधन कार्यालयात गेला. माठातून तांब्या भरून आणला, वर फुलपात्र. चाचांनी फुलपात्र भरून घेतलं आणि सावकाश अर्धं प्यायले.

“गोड आहे,” ते म्हणाले. “कुठलं?”

“कुठलं म्हणजे? नळाचं.”

“नळाला कुठलं?”

“चाचा...”

“सांग की. म्हाताऱ्याला विसरायला होतं.”

“जॅकवेलचं. नदीतून उपसतात, फिल्टर करतात, क्लोरीन घालतात, नळाला सोडतात.”

“जॅकवेल कुठे आहे?”

“गावाच्या वर.”

“त्याच्या वर?”

“नदी.”

“तिच्या वर?”

यशोधनने श्वास घेतला.

“हिंगोळे.”

“मोठं गाव आहे का?”

“मोरनाळएवढं असेल. थोडं मोठं.”

“त्यांचा मैला कुठे जातो?”

“त्यांचंही केंद्र आहे. तिथे निवळतं. मग नदीत.”

“मग जॅकवेलला.”

“हो.”

“मग या माठात.”

“... हो.”

चाचांनी फुलपात्रातल्या पाण्याकडे बघितलं.

“चांगलं चालवतोय म्हणायचा. हिंगोळ्याचं कोण बघतं?”

यशोधनने तोंड उघडलं. नाव येत नव्हतं. नाव कधी कळलंच नव्हतं. बैठकांना हिंगोळ्याचं कुणीतरी यायचं, मागच्या बाकावर बसायचं, सही करून जायचं. उंच होता की बुटका? चष्मा होता का?

“असेल कुणीतरी,” तो म्हणाला.

...

रेवती उठून टँकरच्या चाकाशी जाऊन बसली होती. टायरात रुतलेला खडा ती उगाच बोटाने काढत होती.

...

चाचांनी अर्धं उरलेलं फुलपात्र यशोधनपुढे धरलं.

“पी.”

“मला तहान नाही.”

“पी.”

त्याने ते घेतलं. उभ्या उभ्या प्यायला. शेवटचा घोट गिळायला त्याला वेळ लागला. फुलपात्र त्याने तांब्यावर पालथं घातलं, आणि कुणाकडेही न बघता टँकरच्या मागे गेला.

खालची तोटी त्याने पूर्ण सोडली. काळा गाळ वाळवणाच्या वाफ्यांत भळाभळा गेला. मग त्याने टँकर आतून धुऊन घेतला, दोनदा. दुसऱ्यांदा तो स्वतः झाकणातून अर्धा आत वाकला होता. मग पाइप ओढत तो तळाच्या ताज्या गाळाकडे गेला, आणि या वेळी त्याने माणसालाही हाक मारली, धरायला.

तपकिरी गाळ टँकरमध्ये पडू लागला. अंगणात ओल्या मातीचा वास आला.

“बरणी लावू या परत?” त्याने विचारलं. विचारताना तो चाचांकडे नव्हे, रेवतीकडे बघत होता.

“नको. तास लागतो रस्त्याला. आत हवा नाही. हे फार वेळ तग धरत नाहीत.”

“तिथे गेल्या गेल्या हवा पूर्ण सोडू नकोस. निम्मी सोड. बिचकतात.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे ते माहीत आहे. सांगतोय.”

“बरं, दादा.”

“आणि सगळा मैला एकदम घालू नकोस त्यांच्यापुढे. उपाशी माणसाला पंगतीत बसवल्यासारखं होतं. उद्या अजून एक टँकर पाठव. परवाही. मी काढून ठेवतो.”

रेवतीने मान हलवली. बरणी धुतली, टॉवेलात गुंडाळली, पायरीवर चढली. चढता चढता थांबली.

“ही ठेवून जाऊ?”

यशोधनने बरणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाटातली रिकामी जागा त्याला इथून दिसत नव्हती, तरी दिसत होती.

“ने,” तो म्हणाला. “तुला लागेल.”

टँकर सुरू झाला. ड्रायव्हरने चाचांसाठी दार उघडं धरलं होतं. चाचांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं.

टँकर गेला. चाचा गेले नाहीत.

यशोधनला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली. पण बरं वाटलंच.

तो चाचांशेजारी पायरीवर बसला. समोर टाकीत हवा खदखदत होती. पलीकडे निवळलेलं पाणी कडेवरून पडत होतं, नदीकडे जात होतं. त्याच्याकडे कुणी बघायला येत नाही. या केंद्राला कुंपण आहे ते चोरांसाठी, आणि चोरही पंपाच्या मोटारीच नेतात.

“भोईवाडीच्या त्या मुलीचं काय?” त्याने विचारलं.

“सकाळी डोळे उघडले होते म्हणे. बघू.”

“तिला लांबच्या का होईना, विहिरीचं पाणी द्यायला सांगायला हवं. आठवडाभर तरी नदीचं नको.”

“रेवतीने सांगितलंय.”

या वेळी रेवतीचं नाव ऐकून त्याला थोडंच टोचलं. थोडं मात्र टोचलं.

...

“चाचा, रविवारी हिंगोळ्याला जाऊन येतो म्हणतो.”

“जा की.”

“त्या माणसाला भेटतो. इतकी वर्षं त्याचं पाणी पितोय. निदान आभार तरी मानतो.”

“मान.”

“तुम्ही येता?”

“नको. माझे गुडघे दुखतात.”

“मग तुमचं नाव सांगतो. अत्तारचाचांकडून आलोय म्हणतो. ओळख निघेल, बरं वाटेल त्याला.”

चाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. उठताना त्यांनी यशोधनच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

“माझं नाव काढू नकोस,” ते म्हणाले. “तुझ्याआधी इथून शिकून गेलाय. तोही माझाच शिष्य आहे.”